नारा नगरीत एक दिवस : करुणा आणि समता यांचा एक ऐतिहासिक शोध

बौद्ध देशांची यात्रा करून परतलेले आपले बांधव जी प्रवासवर्णने लिहितात, त्यांत भव्य मूर्ती, स्वच्छ प्रांगणे आणि तेथील शांतता यांचा गौरव असतो. ही वर्णने खोटी नसतात, परंतु ती अपुरी असतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांवर ज्याची जडणघडण झाली आहे, अशा अभ्यासकाने कोणत्याही बौद्ध देशात पाऊल ठेवताना एक प्रश्न सोबत नेलाच पाहिजे : येथे धम्म आला तेव्हा समाजाच्या तळाशी असलेल्या माणसाचे काय झाले?

गेल्या शरद ऋतूत एका परिसंवादाच्या निमित्ताने आम्हांला जपानला जाण्याचा योग आला. परिसंवाद आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. तो आम्ही नारा या प्राचीन राजधानीसाठी राखून ठेवला. ऐतिहासिक विहार आणि जुन्या गल्ल्या एका दिवसात पायी दाखवणाऱ्या एका स्वयंसेवी मार्गदर्शिकेशी आमची गाठ घालून देण्यात आली. साठी ओलांडलेल्या त्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याबरोबरच्या त्या दिवसात वरील प्रश्नाचे जे उत्तर आम्हांला सापडले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

१. ग्योकींच्या पुतळ्यापाशी

नारा रेल्वे स्थानकाबाहेर एक कारंजे आहे आणि त्यात एका भिक्खूचा पुतळा उभा आहे. नाराचे लोक एकमेकांना भेटण्यासाठी हेच ठिकाण सांगतात. आमच्या मार्गदर्शिकाही तेथेच उभ्या होत्या. हा पुतळा भिक्खू ग्योकी यांचा. आमच्या दिवसाची सुरुवात त्यांच्यापासून झाली, हा एक सुयोगच म्हणावा लागेल.

जपानमध्ये बुद्धधम्म कोरियातील पेक्चे राज्यातून आला. त्याचे वर्ष काही ग्रंथ इ. स. ५३८ देतात, तर काही ५५२. राजदरबारातील बलाढ्य सोगा घराण्याने त्याला आश्रय दिला. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. जपानमध्ये प्रथम प्रव्रज्या घेणाऱ्या तिघीही स्त्रिया होत्या. इ. स. ५८४ मध्ये झेन्शिन ही अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्या दोन सहकारिणी भिक्खुणी झाल्या. पुढे त्या विनयाच्या शिक्षणासाठी समुद्र ओलांडून पेक्चेला गेल्या आणि ५९० मध्ये परतल्या. जपानचा संघ स्त्रियांपासून सुरू झाला, हे आपल्या भगिनींना ठाऊक असावे.

परंतु राजाश्रयाची किंमत लवकरच द्यावी लागली. आठव्या शतकाच्या आरंभी जी कायदेसंहिता अमलात आली, तिच्यात भिक्खू-भिक्खुणींसाठी स्वतंत्र नियम होते. विहाराबाहेर जाऊन सामान्य जनांना उपदेश करण्यास त्यांत मनाई होती. संघाने विहारात बसून राजाच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी सूत्रपठण करावे, एवढीच राज्याची अपेक्षा होती. तीच संहिता प्रजेचे ‘र्‍योमिन’ आणि ‘सेन्मिन’ म्हणजे कुलीन आणि हीन असे दोन भाग करीत होती. हीनांत पाच प्रकार होते आणि तळाशी दास होते.

ग्योकी (इ. स. ६६८ ते ७४९) यांनी हे कुंपण मोडले. ते गावोगाव फिरले, लोकांना धम्म सांगितला आणि त्याच लोकांच्या श्रमांतून पूल, तलाव, कालवे आणि वाटसरूंसाठी आसरे उभे केले. इ. स. ७१७ मध्ये राजाज्ञा निघाली. तिच्यात ग्योकींचा उल्लेख ‘क्षुद्र भिक्खू’ असा करून ते लोकांना भुलवतात, असा आरोप ठेवला होता. तरी माणसे त्यांच्यामागे येतच राहिली. पुढे राज्याला महाबुद्धाच्या मूर्तीसाठी मनुष्यबळ हवे झाले, तेव्हा त्याच ग्योकींना साहाय्याची विनंती करावी लागली आणि इ. स. ७४५ मध्ये त्यांना संघातील सर्वोच्च पद बहाल झाले.

‘भिक्खू म्हणजे केवळ आत्मविकासात मग्न असलेला परिपूर्ण मनुष्य, की समाजसेवक?’ हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला आहे आणि धम्माचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे बजावले आहे. बाराशे वर्षांपूर्वी जपानमध्ये हाच प्रश्न एका भिक्खूने आपल्या जगण्याने सोडवला होता, ही जाणीव घेऊनच आम्ही तेथून पुढे निघालो.

२. महाबुद्ध आणि ‘ब्राह्मण संघनायक’

उद्यानातील हरणांच्या कळपांतून वाट काढीत आम्ही तोदाइजी विहाराच्या दक्षिण महाद्वारापाशी आलो. इ. स. ११९९ मध्ये पुन्हा उभारलेल्या या द्वारात ८ मीटरहून अधिक उंचीचे दोन काष्ठद्वारपाल आहेत. उन्केइ, काइकेइ आणि त्यांच्या सहकारी शिल्पकारांनी ते इ. स. १२०३ मध्ये अवघ्या ६९ दिवसांत घडवले. आत महाबुद्धाचे लाकडी दालन लागते. आजचे दालन इ. स. १७०९ मध्ये पूर्ण झाले. मूळचे दालन याहून सुमारे दीडपट रुंद होते, असे आमच्या मार्गदर्शिकांनी सांगितले, तेव्हा समोरची वास्तू पाहून त्यावर विश्वास बसेना. इ. स. ११८० च्या आणि १५६७ च्या युद्धांत हे दालन दोनदा जळाले. सुमारे १५ मीटर उंचीच्या वैरोचन बुद्धाचे मस्तकही सतराव्या शतकाच्या अखेरीस नव्याने ओतलेले आहे. आसनाच्या कमळपाकळ्यांपैकी काही मात्र आठव्या शतकातल्याच आहेत.

ही मूर्ती कोणत्या परिस्थितीत घडली? इ. स. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपानमध्ये हाहाकार माजवला. राज्यकारभार हाती असलेले फुजिवारा घराण्यातील चौघे भाऊ ७३७ या एकाच वर्षात दगावले. सम्राट शोमु यांनी इ. स. ७४१ मध्ये प्रत्येक प्रांतात एक भिक्खूविहार आणि एक भिक्खुणीविहार बांधण्याची आणि ७४३ मध्ये महाबुद्धाची मूर्ती घडवण्याची आज्ञा काढली. त्या आज्ञेत दोन सूर आहेत. देशाची संपत्ती आणि सत्ता आपल्याच हाती असल्याचे सम्राट सांगतात. आणि कोणी गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्याला या कार्यात सामील करून घ्यावे, असेही सांगतात. सुमारे ५०० टन तांबे ओतून मूर्ती उभी राहिली. परंतु याच विहाराला राजाने भूमीबरोबर दास आणि दासीही दान दिल्या आणि त्यांच्या नावांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. मूठभर माती आणणाऱ्याचे स्वागत झाले खरे. पण जो स्वतःच दान म्हणून दिला गेला, त्याने काय आणावे?

इ. स. ७५२ मध्ये मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्याचा मान एका भारतीय भिक्खूला मिळाला. त्याचे नाव बोधिसेन. दक्षिण भारतातून निघालेले हे भिक्खू चीनमार्गे इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचले. त्यांच्यासोबत चीनचे आणि चंपा देशाचे भिक्खूही होते. नानिवाच्या बंदरावर त्यांचे स्वागत करायला ग्योकी स्वतः गेले होते. बोधिसेन मंजुश्री बोधिसत्त्वाच्या दर्शनासाठी निघाले होते आणि बंदरावर उभ्या असलेल्या ग्योकींमध्येच त्यांना मंजुश्री दिसला, अशी आख्यायिका आहे. विधीच्या वेळी बोधिसेनांच्या हातातील कुंचल्याला लांब निळा दोर बांधला होता आणि जमलेल्या जनांनी तो दोर हाती धरला होता, म्हणजे डोळे रेखण्याचे पुण्य सर्वांना लाभावे. तो कुंचला आणि तो दोर शोसोइन या कोशागारात आजही जतन केलेले आहेत. दुर्दैवाने ग्योकी हा सोहळा पाहू शकले नाहीत. तीन वर्षांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते.

भारतीय म्हणून आमचा ऊर अभिमानाने भरून आला. परंतु मार्गदर्शिका बाईंनी त्यांचा उल्लेख ज्या नावाने केला, त्याने आम्ही चपापलो. जपानी इतिहास त्यांना ‘बारामोन सोजो’ म्हणून ओळखतो. ‘सोजो’ म्हणजे संघनायक आणि ‘बारामोन’ म्हणजे ब्राह्मण! चीन आणि जपानमध्ये हा शब्द पुष्कळदा केवळ ‘भारतीय’ या अर्थानेही वापरला जाई, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही प्रश्न उरतोच. गंगा, यमुना, अचिरवती या नद्या महासागराला मिळाल्या की आपली नावे टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले पूर्वीचे नाव आणि गोत्र टाकतात, ही तथागतांची शिकवण विनयपिटकात आहे. एवढा मोठा समुद्र ओलांडून गेलेल्या भिक्खूच्या नावाला मात्र वर्णवाचक शब्द चिकटून राहिला आणि बारा शतके निघाला नाही. जी गोष्ट इतक्या सन्मानाने घडते, ती अपमानाच्या बाबतीतही घडू शकते, याचा प्रत्यय आम्हांला दुपारी येणार होता.

३. टेकडीवरची अठरा दारे

ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे तोदाइजीनंतर दक्षिणेकडील जुन्या वस्तीत जायचे होते. आम्ही बाईंना विनंती केली की, आधी उत्तरेकडील टेकडी दाखवावी. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “सेन्सेइ, परदेशी पाहुण्यांपैकी ती टेकडी दाखवा असे मला आजवर कोणी म्हटले नाही. चढ आहे, आणि पाहण्यासारखे फार काही नाही.” आम्ही म्हटले, “जे पाहण्यासारखे नाही म्हणतात, तेच पाहायला आम्ही आलो आहोत.” त्या हसल्या आणि निघाल्या.

तोदाइजीच्या पश्चिमेचे तेगाइ द्वार हे आठव्या शतकापासून तग धरून राहिलेल्या थोड्या वास्तूंपैकी एक आहे. त्याच्यासमोरून जुना क्योतो रस्ता उत्तरेकडे चढू लागतो. हीच नाराझाका, म्हणजे नाराची चढण. मध्ययुगात या चढणीवर शहराच्या वेशीबाहेर ‘हिनिन’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांची वस्ती होती. ‘हिनिन’ या शब्दाचा अक्षरार्थ आहे ‘माणूस नव्हे तो’. त्यांत भिकारी होते, महारोगी होते, मृतदेह उचलणारे होते, देवस्थानांची आणि रस्त्यांची साफसफाई करणारे होते. याहून निराळा, मेलेल्या जनावरांचे आणि कातड्याचे काम करणारा जो वर्ग, त्याला ‘एता’ म्हणत. त्या शब्दाच्या चिन्हांचा अर्थ आहे ‘मळाने भरलेला’. या साऱ्याच्या मुळाशी ‘केगारे’ ही कल्पना होती. तिच्यासाठी दुसरा शब्द शोधण्याची आपल्याला गरज नाही. केगारे म्हणजे विटाळ.

ही वस्ती कोफुकुजी या बलाढ्य विहाराच्या अधिकाराखाली होती. इ. स. १२४४ च्या सुमारास नाराझाका आणि क्योतोची कियोमिझु चढण येथील दोन वस्त्यांत वाद झाला. त्याची कागदपत्रे पाहिली, म्हणजे या माणसांवर आणि त्यांच्या भिक्षेवर विहारांचा ताबा किती घट्ट होता हे कळते. ज्यांना माणूस मानले जात नव्हते, त्यांच्यावर मालकी मात्र सांगितली जात होती!

चढणीवर डाव्या-उजव्या बाजूला आज साधी घरे आहेत. त्यांच्यामध्येच एक लांबट, पांढऱ्या भिंतींची आणि कौलारू छपराची वास्तू दिसते. ‘कितायामा जुहाचिकेंतो’ म्हणजे उत्तर टेकडीवरील अठरा खोल्या. महारोग्यांसाठी बांधलेले हे आश्रयस्थान भिक्खू निन्शो (इ. स. १२१७ ते १३०३) यांनी स्थापन केल्याचे मानले जाते. मूळ वास्तू १५६७ च्या आगीत गेली. सध्याची सतराव्या शतकातील आहे आणि १९२१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित आहे. प्रत्येक खोली दोन तातामींची, म्हणजे दोन माणसांनी अंथरूण घातले की संपणारी. एका टोकाला बुद्धमूर्तीची खोली. अठरा दारे एका ओळीत.

आम्ही वळून दक्षिणेकडे पाहिले. खाली तोदाइजीचे प्रचंड छप्पर दिसत होते. येथे राहणाऱ्या माणसाला महाबुद्धाचे छप्पर रोज दिसत असेल. त्या छपराखाली जाऊन बसण्याची मुभा त्याला होती का, हा विचार आमच्या मनातून जाईना.

निन्शोंविषयी चौदाव्या शतकातील जपानी बौद्ध इतिहासग्रंथात एक हकिगत आहे. नाराझाकाचा एक महारोगी हातापायांनी इतका पंगू झाला होता की, त्याला भिक्षेसाठी शहरात जाता येईना आणि उपासमार होऊ लागली. निन्शो सकाळी त्याला पाठीवर घेऊन बाजारात नेऊन बसवीत आणि संध्याकाळी पुन्हा पाठीवर घेऊन टेकडीवर आणीत. पाऊस असो की थंडी, हा क्रम त्यांनी चालू ठेवला. ज्या चढणीवर आम्ही धापा टाकीत उभे होतो, तीच ही चढण. एका माणसाचे ओझे घेऊन ती चढणाऱ्या त्या भिक्खूला आम्ही मनोमन वंदन केले.

परंतु अभ्यासकाने वंदन करून थांबता येत नाही. महारोग हा कशाचा परिणाम समजला जात होता? सद्धर्मपुंडरीक सूत्राचा स्वीकार करणाऱ्याची निंदा केली तर महारोग होतो, असे त्या सूत्रातच सांगितलेले आहे. मध्ययुगीन जपानमध्ये करार मोडणाऱ्यास महारोग होवो, अशा शपथा घेतल्या जात. म्हणजे रोगी हा पापी ठरला. आणि त्याचा रोग हाच पापाचा पुरावा ठरला. आपल्या पालि साहित्यातही हा पेच आहे, तो लपवण्याचे कारण नाही. उदान ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. अन्न मिळेल म्हणून तो जमावाकडे गेला, तेथे भगवान बुद्धांनी त्याला पाहिले आणि या जमावात धम्म समजण्यास हाच समर्थ आहे हे ओळखून उपदेश केला. तो स्रोतापन्न झाला. एवढी उदात्त कथा. पण तिच्या शेवटी त्याच्या रोगाचे कारण पूर्वजन्मातील अपराधात दाखवले आहे. विनयातही कुष्ठरोग्यास उपसंपदा देऊ नये असा नियम आहे; जीवकाचे औषध फुकट मिळावे म्हणून मगधातील रोगी संघात शिरू लागले, असे त्याचे कारण तेथे दिलेले आहे. कर्म आणि पुनर्जन्म यांविषयीची प्रचलित समजूत बुद्धांच्या विचाराशी जुळते का, याची कठोर चिकित्सा बाबासाहेबांनी का आवश्यक मानली, हे या अठरा दारांपुढे उभे राहिल्यावर जितके उमजते, तितके ग्रंथालयात उमजत नाही.

रोग्याला वेशीबाहेर ठेवण्याची वृत्ती मध्ययुगाबरोबर संपली नाही. जपानने १९०७ पासून महारोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे कायदे केले आणि औषध सापडल्यानंतरही कित्येक दशके ते चालू ठेवले. शेवटचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला.

४. प्रज्ञाविहारातील मंजुश्री

चढणीच्या माथ्याजवळ हान्याजी हा लहानसा विहार आहे. ‘हान्या’ हे पालि ‘पञ्ञा’, संस्कृत ‘प्रज्ञा’ या शब्दाचे जपानी रूप, हे कळताच आम्हांला आपल्याच घरी आल्यासारखे वाटले. प्रांगणात इ. स. १२५३ मध्ये उभारलेला तेरा मजल्यांचा दगडी स्तूप आहे. तोदाइजीच्या पुनर्बांधणीसाठी चीनहून आलेल्या एका शिल्पकाराने तो घडवला. सभोवती कॉसमॉसची फुले कमरेइतकी वाढली होती. या फुलांसाठीच लोक येथे येतात. परंतु आमचे लक्ष होते ते या विहारात १२६९ मध्ये घडलेल्या एका घटनेकडे.

निन्शोंचे गुरू एइसोन (इ. स. १२०१ ते १२९०) यांनी साइदाइजी विहारात विनयाचे पुनरुज्जीवन केले होते. मंजुश्री हा दरिद्री, अनाथ आणि पीडित माणसाच्या रूपाने येतो, असे एक महायान सूत्र सांगते. त्या सूत्राला एइसोन यांनी अक्षरशः मानले. त्यांनी १२६७ मध्ये हान्याजीत मंजुश्रीची मूर्ती प्रतिष्ठित केली आणि १२६९ मध्ये येथेच सुमारे २,००० हिनिनांना एकत्र बोलावून, त्यांना जिवंत मंजुश्री मानून अन्नदान केले आणि नित्योपयोगी वस्तू दिल्या. ज्यांच्या नावाचाच अर्थ ‘माणूस नव्हे’ असा होता, त्यांना बोधिसत्त्व म्हणून नमस्कार केला गेला! तेराव्या शतकात जगाच्या पाठीवर असे दृश्य किती ठिकाणी दिसले असेल?

तरीही सत्य पूर्ण सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती २,००० माणसे पुन्हा हिनिनच होती. एइसोन यांनी त्यांना शील दिले, अन्न दिले; परंतु त्यांची दुःस्थिती पूर्वकर्माचे फळ आहे, ही समजूत सोडली नाही, आणि वस्त्यांवरील विहारांचा ताबाही तसाच राहिला. दात्याला पुण्य मिळाले. घेणारा वेशीबाहेरच राहिला. करुणा टेकडी चढून आली होती, पण समता तिच्यासोबत आली नव्हती.

तथागतांची रीत याहून निराळी होती. थेरगाथेतील सुनीत हा फुलांचा केरकचरा काढणारा, जनांनी हीन मानलेला मनुष्य. भगवंतांनी त्याच्यासाठी वेशीबाहेर आश्रयस्थान बांधले नाही. त्याला ‘ये, भिक्खू’ म्हणून संघात घेतले. शाक्य राजकुमार उपालि न्हाव्यासह प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा राजकुमारांच्याच विनंतीवरून उपालीला आधी उपसंपदा देण्यात आली, म्हणजे कुलाभिमानी शाक्यांना त्याला वंदन करावे लागावे. दान देताना देणाऱ्याचा हात वर राहतो. उपालीच्या प्रसंगात शाक्यांनाच खाली वाकावे लागले.

५. नारामाचीच्या गल्ल्या

दुपार कलल्यावर बसने आम्ही शहराच्या दक्षिण भागात नारामाची या जुन्या वस्तीत आलो. अरुंद गल्ल्या, रस्त्याकडे तोंड अरुंद पण आत खोल गेलेली लाकडी घरे, दर्शनी भागाला बारीक पट्ट्यांच्या जाळ्या. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतले दिसत नाही. घरांच्या वळचणीला लाल कापडाची लहान बाहुलीवजा माकडे टांगलेली. घरावरचे संकट या माकडांनी अंगावर घ्यावे, अशी श्रद्धा. काजळीची शाई, कुंचले आणि धुवट तागाचे कापड यांसाठी या गावाची ख्याती आहे.

ही सारी वस्ती मुळात एका विहाराच्या आवारात वसलेली आहे. तो विहार म्हणजे गांगोजी. सोगा घराण्याने इ. स. ५८८ मध्ये आसुका येथे जपानचा पहिला परिपूर्ण विहार बांधायला घेतला आणि त्यासाठी पेक्चेहून कौले भाजणारे कारागीर आले. राजधानी नाराला आल्यावर ७१८ मध्ये तो विहार येथे स्थलांतरित झाला. त्या पहिल्या कौलांपैकी काही आजही गांगोजीच्या छपरावर आहेत. तपकिरी, करड्या, तांबूस अशा रंगांच्या त्या कौलांकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. चौदाशे वर्षे ऊनपाऊस झेलणारी ती कौले कारागिरांची आहेत. त्यांची नावे मात्र फार थोडी उरली आहेत. पंधराव्या शतकात, १४५१ मध्ये, शेतकऱ्यांच्या उठावात गांगोजीचा मोठा भाग जळाला. राज्याश्रय केव्हाच आटला होता. मोकळ्या जागेत हळूहळू लोकांनी घरे बांधली आणि विहाराच्या आवाराचे गाव झाले. उरलेल्या दालनाला सामान्य जनांनी सांभाळले. विसाव्या शतकातील दुरुस्तीच्या वेळी तेथे लहान लाकडी स्तूप आणि इतर श्रद्धावस्तू यांचा प्रचंड साठा सापडला. राजांचे विहार जळाले की ओस पडतात; लोकांचा विहार लोक उभा ठेवतात.

याच गांगोजीत आठव्या शतकात चिको नावाचे थोर पंडित भिक्खू होते. त्यांनी सूत्रांवर भाष्ये लिहिली, शिष्य घडवले. जपानमधील सर्वांत जुन्या बौद्ध कथासंग्रहात त्यांची एक कथा आहे. ग्योकींना सर्वोच्च पद मिळाले तेव्हा चिको मत्सराने पेटले : ‘मी विद्वान, हा तर गावोगाव फिरणारा! राजाने माझी उपेक्षा करून याचा सन्मान का करावा?’ पुढे ते आजारी पडून मेले, त्यांनी नरकयातना भोगल्या आणि पुन्हा जिवंत झाल्यावर ग्योकींकडे जाऊन, जे पूल बांधत होते त्यांच्यासमोर, क्षमा मागितली.

ही कथा ऐकताना आम्हांला हसू आले नाही. पालि व्याकरणाच्या सूत्रांत आमची वीस वर्षे गेली. या काळात आमच्या वस्तीतील विहारात पालिचा वर्ग चालवावा म्हणून उपासकांनी तीनदा विनंती केली आणि तिन्ही वेळा आम्ही संशोधनाचे कारण पुढे केले. चिकोंचा नरक कोठे असतो, हे आम्हांला नाराच्या त्या प्रांगणात कळले.

६. दयेचा नकार

संध्याकाळी एका जुन्या घरातील चहापानगृहात बसलो असता बाई अचानक बोलू लागल्या. “लहानपणी मला आईने काही रस्त्यांनी जायचे नाही असे सांगितले होते. का, ते सांगितले नव्हते. मी विचारलेही नाही. शिक्षिका झाल्यावर वर्गात शिकवावे लागले, तेव्हा कळले.” त्या एवढेच बोलल्या. आम्हीही अधिक विचारले नाही. आपल्याकडेही असे रस्ते होते आणि आहेत.

एदो काळात (१६०३ ते १८६८) ही विषमता कायद्याने आणखी घट्ट झाली. प्रत्येक कुटुंबाने कोणत्या तरी विहारात नोंद करणे सक्तीचे होते. त्या नोंदवहीने माणसाचा दर्जा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला. अस्पृश्य मानलेल्यांचे विहार वेगळे; आणि कित्येक ठिकाणी त्यांना मृत्यूनंतर दिलेल्या धम्मनामांतही ‘पशू’, ‘दास’, ‘चामडे’ अशा अर्थांची चिन्हे घातली जात. बोधिसेनांच्या नावाला सन्मानाने वर्ण चिकटला, तसा येथे अपमानाने थडग्याला चिकटला. शासनाने १८७१ मध्ये हे भेद कायद्याने रद्द केले, तरी समाजाने ते मनात जपले.

अखेर उत्तर आले ते नारा प्रांतातूनच. शहराच्या दक्षिणेला गोसे येथील एका अस्पृश्य वस्तीतील जोदो शिन्शू पंथाच्या विहारात, पुरोहिताच्या घरी १८९५ मध्ये जन्मलेला तरुण साइको मान्किची आणि त्याचे सोबती यांनी पुढाकार घेतला आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’, म्हणजे समपातळीवाल्यांची संघटना, स्थापन झाली. तिचा जाहीरनामा साइको यांनीच लिहिला. त्याचा आशय असा की, आजवर आमच्यावर दया दाखवून झालेल्या चळवळींनी आमचे भले केले नाही, आम्हांला अधिकच खाली नेले; आता आमची मुक्ती आम्हीच मिळवू आणि माणसाचा माणूस म्हणून आदर करू. संघटनेने पंथाच्या दोन्ही महाविहारांना आपली भूमिका स्पष्ट करा म्हणून विचारले आणि वीस वर्षे त्यांना देणगी न देण्याचा ठराव केला. बौद्ध घरात जन्मलेल्या माणसांनी बौद्ध महाविहारांना धम्माची आठवण करून दिली! पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे केले, त्याची जातकुळी हीच आहे. पाणी मागायचे नव्हते, ते घ्यायचे होते.

महाविहारांना जाग येण्यास फार काळ लागला. अमेरिकेत १९७९ मध्ये भरलेल्या जागतिक धर्म-शांती परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका श्रेष्ठ प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे सांगितले. त्यावर निषेधाचे वादळ उठले. १९८४ मध्ये त्यांनी आपले विधान मागे घेतले. त्यानंतर त्या पंथाने नोंदवह्या आणि थडगी तपासून अपमानकारक नावे बदलण्याचे काम हाती घेतले. पुढे २०१६ मध्ये जपानी संसदेला या भेदभावाच्या निर्मूलनासाठी पुन्हा एक कायदा करावा लागला. म्हणजे विटाळ अजून पुरता धुतला गेलेला नाही.

उपसंहार

नारा नगरीने आम्हांला काय दिले? महाबुद्धाची भव्यता दिली, ती आम्ही नाकारीत नाही. ग्योकी आणि निन्शो यांच्यासारखे भिक्खू दिले, ज्यांचे स्मरण आपल्या संघाने नित्य ठेवावे. आणि एक इशाराही दिला : करुणा कितीही खरी असली, तरी ती समतेची जागा घेऊ शकत नाही.

बोधिसेन इ. स. ७३६ मध्ये भारतातून जपानला पोहोचले. सुमारे बाराशे वर्षांनी, १९६० च्या दशकात, जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरेई ससाई नागपूरला आले आणि वस्त्यावस्त्यांत फिरले. धम्माचे हे ऋण दोन्ही बाजूंनी फिटत आले आहे. आता आपल्याकडे गावोगाव विहार उभे राहत आहेत, मूर्ती येत आहेत, कमानी चढत आहेत. हे सारे आनंदाचे आहे. परंतु प्रत्येक विहाराच्या विश्वस्तांनी स्वतःला विचारावे : आपल्या विहाराच्या उत्तरेला एखादी टेकडी आहे का? आपल्यापैकीच कोणी पोटजातीच्या, रोगाच्या किंवा दारिद्र्याच्या कारणाने दाराबाहेर तर थांबलेला नाही ना? आपण त्याला फक्त वस्त्रदान करतो, की आपल्या शेजारी बसवतो?

बाईंचा निरोप घेताना त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी पाहुण्यांना मी आधी टेकडीवरच नेईन.” आम्हीही त्यांना एक वचन दिले. परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून आमच्या वस्तीतील विहारात पालिचा वर्ग सुरू झाला आहे. पहिल्या दिवशी अकरा जण आले. त्यांतील सात भगिनी होत्या.